वाडीतलं लग्न : शिरोड्याच्या जुन्या घराचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर जो हिशेब मांडला, तो व्हिडिओ थांबवून थांबवून उतरवून घ्यायला त्रास होतो. म्हणून इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन जवळ घ्या. विषय आहे जुन्या घराच्या वाडीत लग्न लावून देण्याचा व्यवसाय, आणि उदाहरणाला गाव घेतलंय शिरोडा, तालुका वेंगुर्ला.

शिरोडाच का? एक तर रस्ता आता सोपा झालाय. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्याच्या हद्दीतला मोपा जानेवारी २०२३ मध्ये. रेल्वेने यायचं तर सावंतवाडी रोड स्टेशन आहेच. पुण्या-मुंबईच्या मंडळींना शंभर माणसांचं लग्न कोकणात करणं आता अवघड राहिलेलं नाही. दुसरं म्हणजे, सावंतवाडीच्या राजवाड्याने वाट दाखवलीय. राजघराण्याने वाड्याच्या आवारात पाहुण्यांसाठी मोजक्याच खोल्या काढल्या आणि त्या सजवल्या आपल्याच गंजिफाच्या चित्रांनी. जुनी वास्तू, मोजके पाहुणे, आपली कला. हे सूत्र लक्षात ठेवा.

आता राजवाडा काही आपल्याकडे नसतो. पण शिरोडा, आरवली, रेडी या पट्ट्यात चिऱ्याचं कौलारू घर, पुढे खळं, मग ओटी, पडवी, माजघर आणि मागे माड-पोफळीची वाडी, एवढा ऐवज कितीतरी कुटुंबांकडे आहे. आणि त्यातली बरीच घरं वर्षातले अकरा महिने बंद असतात. गणपतीला चाकरमानी येतात, घर उघडतं, आरत्या होतात, पुन्हा कुलूप. कौलं दरवर्षी परतावी लागतात. एक पावसाळा चुकला की पाणी वाशात मुरतं, तीन पावसाळे चुकले की माजघराचं छप्पर खाली येतं. खर्च कोणी करायचा, हा प्रश्न दर गणपतीत निघतो आणि विसर्जनाबरोबर विसर्जित होतो.

म्हणून हा व्यवसाय मी ‘वेडिंग इंडस्ट्री’ म्हणून शिकवत नाही. घर उभं राहावं म्हणून घरानेच कमवायचं, त्याचा हा धडा आहे. आणि घराने कमवायला लागण्याआधी एक कागद लागतो.

आधी संमती, मग मांडव

सातबारा काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर किती नावं आहेत ते मोजा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल, तर आधी वारस नोंद. बारा-चौदा नावं निघाली तर घाबरू नका, कोकणात हे नेहमीचंच आहे. पण त्यातल्या एकाने ‘मला काय, मी तिथे राहतो, मी बघतो’ म्हणून बुकिंग घेतलं, की पहिल्या लग्नाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात आणि दुसऱ्या लग्नाच्या आधी वकिलाची नोटीस येते.

सगळ्या सहहिस्सेदारांचं लेखी संमतीपत्र घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: घर वर्षात किती वेळा द्यायचं, कुठल्या तारखा कुटुंबाच्या (गणपती, शिमगा, गावची जत्रा, घरातलं कार्य), देवघराच्या आत कोणी जायचं नाही, आणि पैसे कसे वाटायचे. चौथ्या मुद्द्यावर सगळे अडतात. त्याचं उत्तर पुढे हिशेबात येतंय, थोडा धीर धरा.

आणखी एक. वाडीला राखणदार असतो असं तुमचं घर मानत असेल तर पहिल्या बुकिंगआधी रीतसर गाऱ्हाणं घाला. ‘व्हय महाराजा’ म्हणायला सगळे भाऊबंद एका जागी उभे राहतात, हे स्वतः एक संमतीपत्रच आहे. पाहुण्यांच्या लग्नात गाऱ्हाणं घालायचं का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. त्यांना चालणार नसेल, तर पॅकेजमध्ये घालून विकू नका.

हौस ऐकायची, पण वाडीच्या भाषेत उतरवायची

जोडपं येतं तेव्हा मोबाईलवर तीस-चाळीस फोटो घेऊनच येतं. परदेशातली कुठली तरी बाग, हिरवंगार लॉन, झाडाला टांगलेलं झुंबर, पांढरे गुलाब, जुन्या बॅगा, झोपाळा, चिठ्ठ्या. हसू नका. त्या फोटोंमध्ये त्यांना नेमकं काय आवडलंय ते ओळखणं हेच तुमचं कौशल्य. बहुतेक वेळा त्यांना लॉन नको असतं, त्यांना ‘हॉल नाही’ ही भावना हवी असते.

मग एकेक गोष्ट आपल्याकडच्या वस्तूत उतरवा. लॉन शिरोड्याच्या वाडीत प्यायला पाणी मागतं आणि मे महिन्यात तुमच्याशी भांडतं. त्याऐवजी शेणाने सारवलेलं खळं द्या, त्याभोवती रांगोळी. कापडी तंबूऐवजी बांबू आणि माडाच्या चुडतांचा मांडव. जुन्या बॅगांऐवजी घरातला खरा पेटारा, त्यात पाहुण्यांनी जोडप्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकायच्या. झोपाळा ओटीवर आहेच, फक्त त्याच्या कड्या तपासून घ्या, कारण त्यावर बसून फोटो काढायला एका वेळी सहा जण चढणार.

फुलांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत या भागात सुरंगी असते. आरवली-शिरोडा पट्ट्यात सुरंगीचे वळेसर विकायला येतात, त्या वासाची बरोबरी बंगळुरूहून आलेला गुलाब करू शकत नाही. पण सुरंगी तुमच्या सोयीने फुलत नाही. कळ्या उमलायच्या आत काढाव्या लागतात, त्यासाठी झाडावर चढणारा माणूस लागतो आणि दर रोज बदलतो. म्हणून हंगामातल्या लग्नासाठी वळेसर करणाऱ्या बायकांशी महिनाभर आधी बोला, थोडी उचल द्या, आणि जोडप्याला लिहून द्या की सुरंगी नाही मिळाली तर अबोली मिळेल. हंगामाबाहेरच्या लग्नाला सुरंगीचं नावसुद्धा काढू नका.

आता माझी आवडती कल्पना. दशावतारी गंजिफात दहा रंग असतात, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, आणि प्रत्येक रंगाची बारा पानं. शंभर पाहुणे, दहा-दहांच्या दहा पंगती, प्रत्येक पंगतीला एका अवताराचं नाव. ‘तुम्ही कूर्मात, आम्ही वामनात’ यावरून अनोळखी माणसंसुद्धा बोलायला लागतात. एकशेवीस पानांचा हाताने रंगवलेला संच महाग पडेल, पण सावंतवाडीहून दहा राजे तेवढे रंगवून घेतले तर खर्च एकदाच होतो आणि पुढच्या प्रत्येक लग्नात तीच पानं वापरता येतात. हौस त्यांची, भांडवल तुमचं.

काही गोष्टींना मात्र सरळ नाही म्हणायचं. माडा-पोफळीला खिळा मारायचा नाही, दिव्यांची माळ सुंभाने बांधायची. आकाशकंदील सोडायचे नाहीत, फटाके नाहीत. सुकलेलं चुडत किती लवकर पेटतं ते शिरोडकरांना सांगायला नको. होम मांडवाखाली न करता खळ्याच्या उघड्या भागात करायचा, वाळूच्या बादल्या जवळ ठेवून. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी पाडेलीला बोलवून मांडवाजवळच्या प्रत्येक माडाचे नारळ आणि सुकी चुडतं उतरवून घ्यायची. पाहुण्याच्या डोक्यावर नारळ पडला तर कुठलंही करारपत्र कामाला येत नाही.

घराचा इतिहास सांगायची हौसही अनेकांना असते. सांगा, पण खरा सांगा. ‘इथे अमुक राजा मुक्कामाला होता’ असली पुडी सोडू नका. गावाचा खरा इतिहास पुरेसा मोठा आहे. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिकवत होते. जयवंत दळवींचं आरवली हाकेच्या अंतरावर. आदल्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांना मिठागरांच्या बाजूने वेळागरपर्यंत फिरवून आणा, सोबत गावातला एखादा निवृत्त मास्तर द्या आणि त्याला मानधन द्या.

शंभर म्हणजे शंभर

पाहुण्यांचा आकडा जोडप्याने ठरवायचा नसतो. तो विहीर ठरवते. कसा ते बघा.

शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. तुमच्या घरात चार खोल्यांत बारा जण राहणार, म्हणजे १,६२० लिटर. बाकीचे ८८ जण आजूबाजूच्या होमस्टेत उतरणार आणि दिवसभर तुमच्याकडे असणार, त्यांचे माणशी ४५ लिटर धरा, ३,९६० झाले. स्वयंपाक आणि भांडी ३,०००. एकूण ८,५८०, म्हणजे नऊ हजार लिटर धरून चला. आता एप्रिलच्या शेवटी विहीर पंपाने उपसा आणि पुन्हा भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. नऊ हजार निघत नसेल तर एकतर टाक्या भरून ठेवायच्या, नाहीतर आकडा कमी करायचा.

संडासाचंही तसंच. घरचा शोषखड्डा आठ माणसांसाठी खोदलेला असतो. त्यावर एका दिवसात शंभर माणसं सोडली तर तो भरून वाहतो आणि वाहिलेलं पाणी कुठे जातं? विहिरीकडे. म्हणून फिरते संडास भाड्याने आणा, पंचवीस माणसांना एक या हिशेबाने चार. हा खर्च जोडप्याला पटवून द्यायला लागत नाही, मुलीच्या आईला लगेच पटतो.

आणि एकशेवीस आले तर? आमंत्रण देताना ‘अजून दोन-चार’ सगळ्यांचेच वाढतात. करारात लिहा: शंभरच्या वर दहापर्यंत प्रत्येक पाहुण्याला दुप्पट दर, त्यापुढे नाही. ‘जास्त ताटं म्हणजे जास्त धंदा’ हे हॉलवाल्याला लागू. तुम्हाला नाही. पोफळीच्या मुळांवरून माणसं चालली की माती घट्ट बसते, पाटाचे काठ फुटतात. तेच ‘वातावरण’ तुम्ही विकताय ना?

आता हिशेब

समजा नवरी पुण्याची, नवरा ठाण्याचा. दोन दिवसांचा कार्यक्रम. पहिल्या संध्याकाळी हळद आणि साठ जणांचं जेवण, दुसऱ्या दिवशी साठ जणांची न्याहारी, दुपारी लग्न आणि शंभर पानं. दर मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे चालू दर घालून पुन्हा मांडा.

रात्रीचं जेवण ६० × ३५० = २१,००० रुपये
न्याहारी (घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ) ६० × १२० = ७,२००
लग्नाचं जेवण १०० × ४५० = ४५,०००
मांडव, पाट, खुर्च्या ३८,०००
फुलं २२,०००
दिवे, जनरेटर, साधा ध्वनिक्षेपक २६,०००
फिरते संडास आणि पाणी १८,०००
माणसं १२ × २ दिवस × ८०० = १९,२००
गाड्या १६,०००
पाडेली, वाडीची आधीची साफसफाई आणि नंतरची डागडुजी ९,६००

बेरीज २,२२,०००.

इथे नवशिके काय करतात? यावर पंधरा टक्के चढवतात. ३३,३०० रुपये. आकडा बरा दिसतो म्हणून खूष होतात. पण कार्यक्रम दोन दिवसांचा असला तरी घर पाच रात्री अडकतं: आधी मांडव, नंतर आवराआवर. चार खोल्या, पाच रात्री, वीस खोल्या-रात्री झाल्या. त्यातल्या निम्म्या एरवी २,५०० ने गेल्या असत्या असं धरलं तरी २५,००० बुडाले. उरले ८,३००. त्यात घरातल्या तीन माणसांची तीन आठवड्यांची धावपळ, आणि कौलांना एक पैसा नाही. असं दहा लग्नं केली तरी छप्पर गळतंच राहणार.

म्हणून टक्केवारी सोडा. ‘जागेचं भाडं’ ही वेगळी ओळ लिहा आणि ती तीन तुकड्यांत काढा. पहिला तुकडा घराचा. घर आणि वाडी नीट राखायला वर्षाला किती लागतात? कौलं, वाशे, चुना, पंप, गडगा, शिपणं, मजुरी मिळून समजा ३ लाख. वर्षात लग्नं घ्यायची सहा. सहाच का, तर तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, २० मेनंतर वळवाची भीती म्हणून आपण थांबायचं, आणि दोन लग्नांमध्ये वाडीला निदान तीन आठवडे विश्रांती द्यायची. ३ लाख भागिले ६, म्हणजे ५०,०००. दुसरा तुकडा बुडालेल्या खोल्यांचा, २५,०००. तिसरा तुमच्या घरच्या माणसांच्या श्रमाचा, ४०,०००. एकूण भाडं १,१५,०००.

खर्च २,२२,००० अधिक भाडं १,१५,००० म्हणजे ३,३७,०००. त्यावर खर्चाच्या पाच टक्के, ११,१०० अनपेक्षित गोष्टींसाठी. उरले तर जोडप्याला परत करायचे. कोटेशन ३,४८,१०० चं.

आणि आता संमतीपत्रातला तो चौथा मुद्दा. पन्नास हजारांचा पहिला तुकडा कोणाच्याही खिशात जाणार नाही. घराच्या नावाने दोन-तीन हिस्सेदारांच्या सह्यांचं संयुक्त खातं काढा, तो तिथे जाणार. पंचवीस हजार खोल्या चालवणाऱ्याचे. चाळीस हजार जे प्रत्यक्ष राबले त्यांचे. मुंबईतल्या काकांना वाटणी म्हणून पाच हजार पाठवले तर ते ‘एवढेच?’ म्हणतील. त्याऐवजी गणपतीला आल्यावर कौलांची पावती आणि पासबुक ओटीवर ठेवा. ते वाचायला चष्मा सगळेच काढतात.

कागदपत्रं, भराभर

जीएसटी : सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची. सगळी रक्कम तुमच्या नावावर आली तर ३,३७,००० × ६ = २०,२२,०००, म्हणजे मर्यादा ओलांडली, आणि होमस्टेचं उत्पन्न त्यात अजून धरलेलंच नाही. स्वयंपाकी, मांडववाला, गाडीवाला यांचे व्यवहार जोडप्याने थेट केले, बिलं खरोखर त्यांच्याच नावाने झाली, तर तुमची उलाढाल वेगळी दिसते. पण मग चव बिघडली तर जाब कोणाला विचारायचा हेही करारात लिहावं लागतं. फक्त कागदावर तुकडे पाडू नका. पहिल्या बुकिंगआधी सीएकडे एक तास बसा.

जेवण पुरवणाऱ्या बचत गटाची अन्न सुरक्षा नोंदणी आहे का ते बघा. कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० चं आहे, किमान एक एकर शेती असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये येतो, तेव्हा वेळागरजवळच्या वाडीत पक्कं स्टेज बांधायचा विचार असेल तर आधी चौकशी, मग चिरे. चुडतांचा मांडव निघून जातो, ते बरं.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. लग्नात गाणी वाजवण्यासाठी कोणी रॉयल्टी मागायला आला तर घाबरून पैसे देऊ नका. कॉपीराइट कायद्यात लग्नसमारंभाला सूट आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने तसं पुन्हा स्पष्ट केलंय. दारूबद्दल मात्र कडक राहा. तेरेखोलच्या पलीकडे स्वस्त आहे म्हणून कोणी पाहुणा गाडीच्या डिकीत गोव्याच्या बाटल्या घालून आणला, तर तो गुन्हा तुमच्या अंगणात सापडतो. करारात एक ओळ, आणि आमंत्रणाबरोबर जाणाऱ्या सूचनांमध्ये तीच ओळ पुन्हा.

शेजाऱ्यांसाठी पंधरा पानं जास्त धरा. ती शंभरात मोजायची नाहीत आणि जोडप्याकडून त्याचे पैसेही घ्यायचे नाहीत, तुमच्या चाळीस हजारांतून घ्यायचे. पाणंदीत गाड्या लागल्यावर तुम्हाला कोणाशी बोलावं लागणार आहे ते आठवा.

पैसे कधी घ्यायचे

तारीख धरताना तीस टक्के. लग्नाच्या ४५ दिवस आधी चाळीस टक्के, कारण तेव्हाच तुम्हाला मांडववाल्याला आणि स्वयंपाक्याला उचल द्यायची असते. उरलेले तीस टक्के लग्नाच्या तीन दिवस आधी. लग्न झाल्यावर काहीही बाकी ठेवू नका. माणसं वाईट नसतात हो, पण वऱ्हाड मोपाला पोचलं की मुलीकडचे म्हणतात मुलाकडच्यांना विचारा आणि मुलाकडचे फोन उचलत नाहीत.

रद्द केलं तर काय, हेही टप्प्यांनुसार लिहा. पहिले तीस टक्के परत नाहीत, कारण ती तारीख तुम्ही दुसऱ्याला नाकारलीय. ४५ दिवसांच्या आत रद्द झालं तर दिलेल्या उचली वजा करून बाकीचे परत. पाऊस आला तर कार्यक्रम ओटी-पडवीत होईल आणि तिथे एका वेळी साठच माणसं बसतात, पंगती दोन होतील, हे जोडप्याला घर दाखवायला आणाल त्याच दिवशी तिथे उभं राहून सांगा. पडवी डोळ्यांनी बघितलेली असली की मग भांडण होत नाही.

पुढच्या व्हिडिओत करारपत्राचा मसुदा ओळीओळीने वाचणार आहोत. तोपर्यंत तीन आकडे काढून ठेवा: सातबाऱ्यावरची नावं, विहीर भरायला लागणारे तास, आणि घराचा वर्षाचा खर्च.